जात्याला बांधलेला दोरा

बानूबाईचं जातं पुण्याहून आलं होतं. ऐकून कुणालाही हसू येईल, पण गोष्ट खरी आहे. लिमये साहेबांनी कन्हेरीच्या शिवारात, कॅनॉलच्या कडेला फार्म हाऊस बांधलं, तेव्हा त्यांच्या बाईंनी पुण्याच्या जुन्या बाजारात एक दगडी जातं हेरलं आणि मारुती व्हॅनच्या मागच्या सीटवर बसवून गावाकडे आणलं. त्या वेळी, म्हणजे शहाण्णव सालाच्या सुमाराला, कन्हेरीत एकाही घरात जातं फिरत नव्हतं. सगळं गाव पिठाच्या गिरणीवर दळत होतं. जातं उतरवून घेताना बानूबाईचा नवरा तात्याबा एवढंच म्हणाला, "हे आन् कशाला?"

कशाला, ते पहिल्याच रविवारी कळलं. पुण्याहून पाहुणे आले आणि बाईंनी बानूबाईला तिच्या झोपडीत जात्यापुढं बसवलं. पाहुण्यांनी भोवती कोंडाळं केलं. बानूबाईनं मूठभर जोंधळे जात्याच्या तोंडात टाकले आणि खुंटा धरून फिरवायला लागली. "ओवी म्हणा ना," कुणीतरी म्हणालं. आठवली तशी तिनं एक म्हटली. फोटो निघाले. पीठ इतकं जाडंभरडं पडलं होतं की संध्याकाळी तिनं ते शेजारच्या कोंबड्यांना टाकलं आणि भाकरी गिरणीच्या पिठाची थापली. हौसेला मोल नसतं म्हणतात. मोल असतं, फक्त ते हौस करणारा देत नाही.

जात्याशी बानूबाईची ओळख जुनी होती आणि ती काही गोडीची नव्हती. तिच्या बापाची मेंढरं होती. दिवाळी झाली की मेंढपाळांचा तळ, म्हणजे वाडा, उठायचा, घोड्यावर संसार लादला जायचा आणि त्या संसारात जातंही असायचं. मुक्काम पडेल तिथं पहाटे आई दळायला बसायची आणि समोरून खुंट्याला लहानगी बानू. तळहाताला फोड यायचे, ते फुटायचे, त्याच हातांनी पुन्हा ओढायचं. पुढं लग्न होऊन ती कन्हेरीला आली आणि काही वर्षांनी गावात पिठाची गिरणी आली. त्या दिवशी गावच्या बायकांनी गिरणीच्या पट्ट्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. बानूबाईनं तिथं उभ्या उभ्या ठरवलं होतं की आपल्याला मुलगी झाली तर तिचा हात खुंट्याला लागू द्यायचा नाही.

मुलगी झाली. तिचं नाव प्रतिक्षा. ती दहावी पास होऊन बारामतीला शिवणक्लासला जात होती. लिमयेबाई दर रविवारी म्हणायच्या, "प्रतिक्षाला बसवा ना समोरून. आई आणि लेक, काय सुंदर दिसेल." बानूबाईकडे दर रविवारी नवं कारण तयार असायचं. पोरीचा हात दुखतोय, पोर आत्याकडं गेली, पोरीला ताप आहे. बाकी सगळ्या बाबतीत ती मान डोलवायची. एवढ्या एका बाबतीत ती हलली नव्हती.

मान डोलवायला ती काही मुळातली गरीब गाय नव्हती. पण कॅनॉल आला, कॅनॉलमागून ऊस आला, आणि ऊस आला तसा चारणीचा माळ संपत गेला. तात्याबाची मेंढरं थोडी थोडी करून विकली. जमीन कधी नव्हतीच. तात्याबा लोकांच्या उसावर तोडीला जाऊ लागला, तर ट्रॉलीवरून पडून त्याचा खुबा गेला. तशात लिमये साहेब राखणदार शोधत आले. पगार बेताचा, पण साहेबांनी एक शब्द दिला होता. फाटकाजवळचे दोन गुंठे तात्याबाच्या नावावर करून द्यायचे, घर बांधायला. तो शब्द दर दिवाळीला ताजा व्हायचा आणि दर दिवाळीला पुढच्या दिवाळीवर जायचा. त्या दोन गुंठ्यांच्या दाव्याला दोघं नवरा-बायको बांधलेली होती.

तोवर राहायला झोपडी होती. ती तात्याबानं विटांची आणि पत्र्याची बांधायची म्हटली होती, पण बाईंना सिमेंटचे पत्रे डोळ्यांत खुपायचे. म्हणून उसाच्या पाचटाचं छप्पर. पाचटात उंदीर, उंदरांमागं साप. बंगल्यात गीझर, पंखे, टीव्ही, सगळं; झोपडीत कंदील. "कंदिलाच्या उजेडात किती शांत वाटतं," असं बाई म्हणायच्या आणि बंगल्यात जाऊन ट्यूबलाइट लावायच्या. फाटकावर लाकडी अक्षरांत 'गोकुळ' लिहिलं होतं. गाय मात्र नव्हती, कारण शेणाचा वास येतो. मग झोपडी सारवायला लागणारं शेण बानूबाई शेजारच्या गोठ्यातून घमेल्यानं आणायची.

तात्याबाचं तर आणखीच झालं होतं. गेली कित्येक वर्षं तो पांढरी टोपी घालायचा. बाईंनी त्याला पुण्याहून लाल पटका आणून दिला आणि हातात काठी देऊन कट्ट्यावर बसवला. पहिल्यांदा तो लाजला. पुढं पुढं त्याला ते आवडायला लागलं. शहरातली शिकलेली माणसं आपल्याशेजारी बसून फोटो काढतात, याचं त्याला फार वाटायचं. बानूबाई त्याच्याकडे बघून मनात म्हणायची, ह्यांचं सुटायचं आता अवघड आहे.

पाहुणे चांगले असायचे, वाईट कुणी नव्हतं. हेच तर अवघड होतं. वाईट माणसाला शिवी तरी देता येते. एकदा एक बाई तिचा हात हातात घेऊन म्हणाली, "उघड्या आभाळाखाली झोपायचात तुम्ही मेंढरांबरोबर? काय सुख असेल." बानूबाईच्या डोळ्यांपुढं मल्हार आला. पहिला पोरगा, प्रतिक्षाच्या आधीचा. वाडा माळावर असताना गारा पडल्या, पोराला घोंगड्यात गुंडाळून ती बसली होती, आणि दवाखान्याच्या गावाला पोचेपर्यंत पोर राहिलं नव्हतं. ती त्या बाईंना म्हणाली, "व्हय." दुसरं काय म्हणणार? त्यांनी विचारलं नव्हतं, आधीच ठरवलं होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा, आणि वर बुक्क्या मारणारा माणूस प्रेमानं बघत असतो.

त्या वर्षी हुरड्याच्या दिवसांत तात्याबाची बहीण सारजा काटेवाडीहून आली. तिनं प्रतिक्षासाठी स्थळ आणलं होतं. मुलगा नागेश, आयटीआय झालेला, बारामतीत एका ठेकेदाराकडे वायरमन. घर इंदापुरात, लहानसं पण पक्कं. बाप महिपती एसटीत कंडक्टर, आई ठमाबाई.

"नळ हाय का घरात?" बानूबाईनं विचारलं.

"नळ हाय, ग्यास हाय," सारजा म्हणाली. "पर वैनी, त्यांना ह्या पाचटाखाली नगं बसवू. ठमाबाई नजरंची लई बारीक हाय."

नागेशला सुट्टी रविवारचीच. पुढचा सोडून त्याच्या पुढचा रविवार ठरला. बानूबाई बंगल्यावर गेली. पदर सावरून, पायरीखाली उभी राहून तिनं मागणं मागितलं. पाहुण्यांना घटकाभर व्हरांड्यात बसवू द्या, आणि जमलं तर झोपडीत एक बल्ब.

"अय्या, प्रतिक्षाला बघायला येणार?" लिमयेबाईंना खरोखरच आनंद झाला. "बसवा की व्हरांड्यात. बल्बचं राहू दे, छपरावर वायर फार वाईट दिसते. पण बानूबाई, माझंही एक काम करा. या रविवारी माझ्या मैत्रिणी येतायत हुरड्याला. तुमच्याकडे लग्नाआधी जातं पुजतात ना? दोरा बांधून, हळद दळून? ते करू या आपण."

लग्नघरात घाणा भरतात ते बाई म्हणत होत्या. पाच सवाष्णी जात्याला आंब्याची पानं, हळकुंड आणि सुपारी पिवळ्या दोऱ्यानं बांधतात, हळद दळतात, गाणी म्हणतात. ती पहिली हळद नवरीची. बांधलेला दोरा लग्न लागून नवरी नांदायला गेली की मगच सोडायचा, त्याआधी त्याला कुणी हात लावायचा नाही.

"आसं करत न्हाईत बाई," बानूबाई म्हणाली. "घरात लगीन आसल्याबिगर घाणा भरत न्हाईत."

"अहो, नुसता फोटोसाठी. आणि लग्न येतंच आहे की आता घरात."

घरी येऊन बानूबाईनं तात्याबाला सांगितलं. तो पटका घडी घालत होता. "करून टाक," तो म्हणाला. "व्हरांडा देत्यात, ते काय कमी हाय? साहेब परवाच दोन गुंट्याचं बोलल्यात." अडला हरी गाढवाचे पाय धरी. इथं तर पाय धरायचे ते माणसांचेच होते आणि तीही हसतमुख.

तो रविवार झाला. पाच सवाष्णी पुण्याच्याच होत्या, भाड्यानं आणलेल्या नऊवारीत, एकमेकींचे काष्टे सावरत हसत होत्या. बानूबाईनं त्यांना हळकुंड कसं बांधायचं ते दाखवलं. त्यांनी जातं फिरवलं, हळद दळली, आणि मग एकजण म्हणाली, "नवरी कुठंय? नवरी पाहिजे." प्रतिक्षा दारात उभी होती. कुणी तिला हाताला धरून पाटावर बसवलं, कुणी गालाला हळद लावली. बानूबाई पुढं झाली. फोटोवाली बाई म्हणाली, "थोडं बाजूला व्हाल का?" ती बाजूला झाली.

सगळे गेल्यावर प्रतिक्षानं तोंड धुतलं. "आई, दोरा सोडू का?" तिनं विचारलं.

"हात लावू नगंस," बानूबाई एकदम म्हणाली.

पोरीला नवल वाटलं. बानूबाईलाही आपलं नवल वाटलं. सगळा खेळ होता हे तिला ठाऊक होतं. पण दोरा तिनं सांगितला तसाच बांधलेला होता, गाठ खरी होती, हळद खरी होती, आणि ती तिच्याच पोरीला लागली होती. लग्नाआधी तो सोडायचा म्हणजे पोरीचं लग्न आपल्या हातानं मोडायचं. आठवडाभर ती येता जाता जात्याकडे बघत होती. एकदा विळा हातात घेऊन बसलीही, आणि तशीच उठली. शेवटी तिनं जात्यावर एक जुनं पोतं टाकलं आणि मनाला सांगितलं, हे लग्न जमलं की दोरा आपोआप खरा होईल.

बघायचा रविवार उजाडला. सकाळीच फाटकातून दोन गाड्या आत आल्या. बाईंच्या आणखी मैत्रिणी होत्या. व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या गेल्या, हुरड्याच्या पत्रावळी मांडल्या गेल्या. बानूबाई पायरीशी गेली, तेव्हा बाईंनी कपाळाला हात लावला. "अगं बाई, मी विसरलेच बघा. तुम्ही झोपडीतच बसवा ना त्यांना. खरं सांगू, तिथंच छान वाटेल."

पाहुणे आले. महिपती, ठमाबाई, नागेश आणि सोबत सारजा. झोपडी सारवलेली होती, घोंगडी अंथरली होती. नागेश वाकून आत आला आणि बसल्या बसल्या वर बघायला लागला. वायरमनच तो, त्याची नजर आढ्याला.

"लाईट न्हाय व्हय हितं?"

"बंगल्यात हाय," तात्याबा म्हणाला.

"तितनं एक वायर वढली की झालं. पुढच्या खेपंला घिऊन यीन मी." तो हे तात्याबाकडे बघून बोलला, पण ते कुणासाठी होतं ते सगळ्यांना कळलं. पोह्यांच्या ताटल्या घेऊन आलेली प्रतिक्षा खाली मान घालून हसली. बानूबाईनं ते हसू बघितलं आणि तिच्या जिवाला फार बरं वाटलं. ठमाबाईनं मुलीला नाव विचारलं, काय काय शिवता येतं ते विचारलं, आणि स्वतःच्या पोलक्याची बाही पुढं करून म्हणाली, "आसं शिवाया यील का?" बोलणं चांगल्या वाटेला लागलं होतं.

तेवढ्यात लिमयेबाई आत आल्या, मागून तिघी-चौघी मैत्रिणी. "आम्ही बसू का हो जरा? खऱ्या गावातला बघण्याचा कार्यक्रम यांनी कधी पाहिलाच नाहीये." नाही कोण म्हणणार? त्या भिंतीला टेकून बसल्या. नागेश वायर आणणार हे ऐकून बाई म्हणाल्या, "नाही हं, वायर नको. मग ही झोपडी कसली?" बसायला जागा अपुरी पडत होती, म्हणून बाईंनी कोपऱ्यातलं पोतं उचललं. "आणि हे आमचं जातं. मागच्या रविवारी आम्ही सगळ्यांनी मिळून पुजलं."

आंब्याची पानं वाळून गेली होती. दोरा तसाच पिवळा होता.

ठमाबाईची ताटली हातातच राहिली. "कुनाचा घाणा भरला?" तिनं विचारलं.

उत्तर बाईंनीच दिलं. "प्रतिक्षाचाच की. म्हणजे गंमत म्हणून. थांबा, फोटो आलेत धुऊन, दाखवते." त्यांनी मैत्रिणीच्या पिशवीतून अल्बम काढला आणि मोठ्या हौसेनं ठमाबाईच्या मांडीवर ठेवला. फोटो फार सुंदर आले होते. पाटावर बसलेली प्रतिक्षा, गालाला हळद, मागं पाच सवाष्णी. महिपतीनं एकदा बघून मान फिरवली. ठमाबाई मात्र बघत राहिली.

"बानूबाई, ही सारी गंमतच हुती म्हना," ती शांतपणे म्हणाली. "मंग दोरा का सोडला न्हाय?"

बानूबाई खरं बोलली. खोटं बोलायला तिला तेवढ्यात काही सुचलंच नाही. "लगीन झाल्याबिगर कसा सोडायचा?"

"तुमी आई आसून तुमाला सोडवंना," ठमाबाई म्हणाली, "आन् आमी कसा सोडू?"

"आये, त्येला काय हुतंय," नागेश म्हणाला.

"तू गप बस."

ठमाबाई भांडली नाही, पोहेही तिनं संपवले, कारण अन्न टाकायचं नसतं. उठताना प्रतिक्षाच्या डोक्यावरून हात फिरवला. महिपती म्हणाला, "कळवतो." सगळे फाटकाकडे निघाले. नागेशनं बंगल्यापासून झोपडीपर्यंतच्या अंतराकडे एकदा बघितलं आणि तोही गेला. लिमयेबाई पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या, "पण झालं तरी काय? मी समजावून सांगू का त्यांना?"

काही कळवायचं नव्हतंच. सारजाकडून निरोप आला, तो नकाराचा. नवरा ठरायच्या आधीच हळद लागलेली पोर घरात नको, म्हणाले. बानूबाईनं दोन दिवस तात्याबाशी बोलणं टाकलं. मग बोलायला लागली, कारण बोलल्याशिवाय पाणी कोण आणणार आणि भाकरी कुणाला वाढणार? जायचं म्हटलं तरी जायचं कुठं? वाडा उठवायला मेंढरं लागतात. स्वतःचाच राग तिला जास्त आला. विळा हातात घेऊन आपण का उठलो, हे तिला धड कळत नव्हतं. पुण्याच्या बायकांनी तो दोरा खोटा म्हणून बांधला, आणि खरा मानला तो एकट्या तिनं.

पुढच्या रविवारी लिमयेबाई प्रतिक्षासाठी साडी घेऊन आल्या. त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं. "पण एक सांगू, बरंच झालं," त्या म्हणाल्या. "इंदापूरला त्या दोन खोल्यांत कोंडून राहिली असती बिचारी. इथं कसं मोकळं आहे." तात्याबा पटका बांधून कट्ट्यावर बसला होता. त्यानं मान हलवली. दुपारी पाहुण्यांचं कोंडाळं झोपडीत आलं आणि बानूबाई जात्यापुढं बसली.

खुंटा फिरेना. दोरा सैल पडून वरच्या पाळूखाली, दोन दगडांच्या मधे, जात होता. ती एका हातानं तो धरून दुसऱ्या हातानं ओढायला बघत होती. पाहुणे थांबले होते.

प्रतिक्षा दारातून आत आली. शिवणक्लासची कात्री तिच्या हातात होती. ती वाकली आणि तिनं दोरा कापला.

"मदी येत हुता," ती म्हणाली.

हळकुंड घरंगळत कोपऱ्यात गेलं. ते कुणी उचललं नाही. प्रतिक्षानं कात्री बाजूला ठेवली, आईच्या समोर पाय पसरून बसली आणि आईच्या हाताच्या वर खुंटा धरला.

"हात काढ," बानूबाई दातांतल्या दातांत म्हणाली. "काढ म्हनते ना."

"आसू दे, आई. दोघींनी वढलं की हलकं जातंय."

"आता कसं," लिमयेबाई म्हणाल्या. "मी केव्हापासून सांगत होते." कॅमेरे वर झाले. कुणीतरी ओवी म्हणायला सांगितलं. बानूबाईला एकही आठवेना, ती नुसतीच ओढत राहिली. मग समोरून आवाज आला. प्रतिक्षाला कुणी ओव्या शिकवल्या नव्हत्या, पण दर रविवारी बाहेर बसून ऐकून ऐकून तिला सगळ्या पाठ झाल्या होत्या. तिचा गळा गोड होता. पाहुणे गप्प होऊन ऐकायला लागले, आणि बानूबाईनं मान खाली घालून जात्याच्या तोंडात मूठभर जोंधळे टाकले.